दुसऱ्या अंतऱ्याचा दिनविशेष

ती. दाजींना,

गुडघा धरल्यामुळे या खेपेस नमस्कार उभ्याउभ्याच करतो आहे, तो वाकून केला असं मानून घ्यावं. आम्ही सारे देवाच्या कृपेने बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की हल्ली तुम्ही खोकतासुद्धा सुरात. (म्हणजे घसा शाबूत आहे. ही चौकशी मी उगाच करत नाही, हे पुढे कळेलच.) थोरल्याला अनेक आशीर्वाद.

तर घडलं ते आमच्या रेडिओवर. आमचं केंद्र दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे, हे तुम्ही जाणताच. खाली कुणाची दाढ कोरायला घेतली की वर माझ्या निवेदनाला आपोआप तंबोऱ्याची साथ मिळते. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत. दार नीट लागत नाही म्हणून त्याला आतून खुर्ची लावतो आणि त्याच खुर्चीवर मी बसतो, कारण दुसरी खुर्ची नाही. तिथून रोज सकाळी मी 'संगीतात आजच्या दिवशी' सांगतो. कुणाची पहिली तबकडी निघाली, कुठला वाद्यवृंद भांडून फुटला, कोण जन्मलं, कोण गेलं. परदेशी गायकांची नावं आली की गावच्या शाळेतले गुरुजी मागे छडी घेऊन उभे आहेत असं वाटतं. (ऐकणाऱ्यांच्याही गुरुजींनी ती नावं कधी ऐकली नव्हती, म्हणून निभावतं.) माईकपुढे बसण्याआधी मी हात जोडतो. देवापुढे आणि माईकपुढे खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम पाळतो.

त्या मंगळवारी मात्र जगाच्या संगीतात काही घडलंच नव्हतं. सगळी पुस्तकं चाळली. एका वादकाची गिटार टॅक्सीत राहिली आणि संध्याकाळी परत मिळाली, एवढीच काय ती घडामोड. आमच्या केंद्रप्रमुख बाई (वयाने माझ्या मुलीएवढ्या, दराऱ्याने माझ्या आजीएवढ्या) म्हणाल्या, "काका, घडलेलं नसेल तर कार्यक्रम कशाला? उद्यापासून नुसती गाणी लावू." आणि तेवढ्यात आठवलं, आज तुमच्या थोरल्याचा वाढदिवस! म्हणजे तुमच्या त्या कार्यक्रमाचाही.

मी सांगून टाकलं. म्हटलं, आजच्याच दिवशी एका गिरणीच्या संमेलनात एक गायक पहिला अंतरा संपवून उभा होता. मधलं संगीत चालू होतं. विंगेतून कुणीतरी ओरडलं, मुलगा झाला! गायकाने माईक तिथेच सोडला आणि तो दवाखान्याकडे पळाला. वाद्यवृंद मात्र, आत्ता येईल मग येईल, असं म्हणत तेच मधलं संगीत वाजवत राहिला, थेट लोक चपला शोधू लागेपर्यंत. यात एक अक्षर खोटं नाही. ताईच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की मलाच बाळंतपण झाल्यासारखं वाटतं. पुढचं मी सांगितलं नाही. अकॉर्डियनवाले मास्तर चारचौघांत म्हणाले, "याच्या मागे पुन्हा वाजवणार नाही." तुम्ही म्हणालात, "मग मीही गाणार नाही." आणि दोघांनीही शब्द पाळला. इतक्या हट्टाने कुणी रियाज केला असता तर आज मला परदेशातल्या टॅक्सीत शिरावं लागलं नसतं.

दाजी, त्यानंतर फोन थांबेनात. गिरणीच्या त्या सभागृहात शे-दोनशे माणसं मावत असतील, पण तिथे आपण होतो असं अर्ध्या शहराने शपथेवर सांगितलं. एका शिंप्याने तर तुमचा कोट आपणच शिवला होता असं सांगून त्याच्या बाह्या आखूड झाल्याबद्दल जाहीर माफी मागितली. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच : पुढे दुसरा अंतरा काय होता हो?

सर्वांत शेवटी मास्तरांचा फोन आला. आवाज थकलाय, पण खोच तीच. "गेला ते ठीक. माणसाने समेवर तरी जावं!" मग म्हणाले, "मुलगा काय करतो?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो. बाहेरून बाई दार ढकलत होत्या.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जपावं, तेलकट टाळावं.

तुमचा मेहुणा

ता. क. येत्या शुक्रवारी सकाळी या. बाईंनी रेडिओवर जाहीर करून टाकलं आहे. एकच गाणं, तेही अर्धं उरलेलं.

ता. क. २. मास्तर काल पेटारा घेऊन आमच्याकडेच उतरले आहेत. बाहेरच्या खोलीत सकाळपासून तेच मधलं संगीत वाजवत आहेत. म्हणतात, तो येईपर्यंत थांबणार नाही. कलेसाठी नको, तर माझ्या बायकोच्या डोक्यासाठी या. आणि येताना शब्द पाठ करून या. मास्तर म्हणाले, "तुझे दाजी दुसरा अंतरा विसरले होते. तोंड पाहून ओळखलं मी. आठवावा म्हणून तेच संगीत फिरवत होतो, तेवढ्यात मुलगा झाला. सुटला लेकाचा! पण मास्तरांनी वाचवलं, असं एका शब्दाने तरी म्हणायचं." राग एवढाच होता, दाजी. तुम्ही कुणासाठी गाणं सोडून पळालात, याबद्दल ताईची समजूत आहे तशीच राहू द्या.

ता. क. ३. ताई, दाजींची पाकिटं आधी तूच फोडतेस हे माझ्या आत्ता लक्षात आलं. वरची ता. क. म्हणजे मास्तरांची थट्टा आहे, मनावर घेऊ नकोस. आणि तुला हे पहिल्यापासूनच ठाऊक असेल, तर शुक्रवारी निघताना दुसरा अंतरा एका चिठ्ठीवर लिहून तेवढा त्यांच्या खिशात घाल.