अंबाडीच्या केसांची चेटकीण

बा, तू मले ओळखलं नसशीलच. जिवंत होता तेव्हा तरी कुठं ध्यानात ठेवत होता? मार्कंड्याच्या जत्रेतून परत निघताना गाडीखाली झोपलेली पोर तिथंच ठेवून तू गाडी हाकली, आणि सोंगाच्या टोपाची पेटी मात्र मांडीवर घट्ट धरून बसला. आईनं वाटेत विचारलं, "पोट्टी कुठी आहे?" तर तू पेटी उघडून पाह्यलं म्हणे. तीच पोट्टी मी. आता माझे केस तुझ्या त्या टोपाहून पांढरे झाले, आणि तोंडात उरलेल्या दातांची एकमेकांशी गाठ पडत नाही. अक्षर तेव्हा शिकले नाही, पुढंही नाही, म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. जिथं तिचं लक्ष नसतं तिथं माझं राहून जातं. हे पत्र तिच्याच हातानं लिहून घ्यायला एक कारण आहे. ती खाली मान घालून बसली आहे, तिला ते माहीत आहे. लिही, पोरी, हेही लिही.

तुझ्या वेळची दंडार, तो सोंगांचा खेळ, आता फोनात शिरली आहे, असं समज. एक भुताची मालिका आली. तिला मोठमोठी बक्षिसं मिळाली, पेपरानं वाखाणली, आणि आमच्या पोरींना तर ताप चढल्यासारखं झालं. जंगलातलं गाव आहे, आपल्यासारखंच. फक्त तिथं कोणाच्या पायात काटा जात नाही. गावात एक पांढऱ्या केसांची म्हातारी, झाडाखाली वाकून काहीतरी वेचत असते आणि लेकरांचा श्वास ओढून घेते. शेवटी गाव तिला केस धरून ओढतं. ती गोष्ट ज्यांनी रचली त्यांच्याशी माझं भांडण नाही. गोष्ट म्हणजे गोष्ट. मला शिसारी आली ती पाहणाऱ्यांची.

रविवारी दुपारी नात आणि तिच्या मैत्रिणी मधल्या खोलीत बसल्या. माझ्या वाकळा खिडक्यांवर टांगून अंधार केला. एक फोन पाहायला, आणि दुसरा पिठाच्या डब्यावर उभा करून यांच्या तोंडाकडं लावलेला. मी पाण्याला उठले तर नात ओरडली, "आजी, मधात नको येऊ, तू फ्रेममध्ये येऊन राह्यली!"

"मी माझ्या घरात आहो. तुमची फ्रेम माझ्या घरात आली."

"आजी, आम्ही रिॲक्शन करून राह्यलो. म्हणजे बघताना आम्ही कसे घाबरतो, ते लोक बघतात."

"आन् ते लोक कसे घाबरतात, ते कोण बघते?"

त्यांना ते हसण्यासारखं वाटलं. मग म्हातारी झाडावरून उतरली, पोरी किंचाळल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "माझी किंकाळी मागून आली, परत लाव." परत लावलं. घाबरून झालेल्या पोरी पुन्हा पहिल्यांदा घाबरल्या, बा, छातीवर हात ठेवून, ओठ गोल करून. पडद्यावर एकीचीही नजर नव्हती. सगळ्या आपापलं तोंड कसं दिसतं ते चोरून बघत होत्या. शेवटी म्हातारीला केसांनी फरफटलं तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. "परत लाव, परत लाव!" एकीनं चिप्सचं पाकीट फोडलं. मला कडू दोडका चावल्यासारखं झालं.

हे आमच्याच घरात होतं असं समजू नको. नातीनं मला गावोगावचे असे लोक दाखवले. एक माणूस दिवे घालवून बघत होता, त्याला ओकारी आली, आणि ती ओकारी लोकांना आवडली. एक बाई म्हातारीच्या मरणावर ढसाढसा रडली, आणि रडता रडताच डोळ्यांतलं काजळ कुठून घेतलं तेही सांगितलं. भूत किती चांगलं, किती वाईट, यावर भांडणं. भूत आमचं की तुमचं, यावर शिव्या. तुझ्या सोंगापुढं बसणारी माणसं उकिडवी बसत, तंबाखू थुंकत, लेकराला पाजत. पण घाबरली की घाबरत. घाबरताना आपण बरे दिसतो का, हे कोणी शेजाऱ्याला विचारत नव्हतं.

इथवर मी थू म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या गावाच्या टोकाला, हातपंपाच्या वाटेवर एक बुढी एकटी राहते. तिच्या दाराशी मोहाचं झाड आहे. सध्या मोहाची फुलं पडतात, म्हणून ती उजाडायच्या आत टोपली घेऊन खाली वाकलेली असते. अंबाडा घालायला तिच्या खांद्याला आता वर जाता येत नाही, त्यामुळं केस मोकळेच. माझ्या नातीनं लांबून तिचं चित्र घेतलं. त्याला त्या मालिकेचं वाजप लावलं. वर लिहिलं, 'खरी तर इथे राहते.' लिही, थांबली काऊन? तूच लिहिलं होतं तेही, आता हेही तूच लिही.

लोकांना ते लगित, फारच आवडलं. पलीकडच्या गावची पोरं मोटरसायकलवर बसून बुढीला बघायला आली. वर बघावं म्हणून एकानं तिच्याकडं ढेकूळ फेकलं. तिला दिसतं कमी. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "कोनाचा रे तू? पानी पेतं का?" पोरं हसत पळाली. तेही फोनात गेलं. मग पंपाजवळच्या घरातलं लेकरू तापलं. आपल्याकडं लेकरं तापतातच, उन्हाळा लागतो आहे. पण त्याची आई म्हणाली, "काल ते आमच्या अंगनावरून गेली होती." आता बुढी पंपावर आली की बाया आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून सरकतात. कोणी काही बोलत नाही. बा, हे न बोलणं वाढत कुठवर जातं, ते तुला मी सांगायला नको. आपल्या भागात अशा बाईला झाडाला बांधलेलं लोकांनी पाह्यलं आहे, आणि तिथंही बघायला गर्दी होती.

नात म्हणाली, "आजी, मी डिलीट केलं."

"तुझ्या फोनातून."

"हो."

"आन् त्यांच्या?"

ती फोन उलटा ठेवत म्हणाली, "गंमत होती, आजी."

बा, हा शब्द मी आधीही ऐकला होता. त्या शब्दासाठी हे पत्र आहे.

दिवाळीनंतरची मंडई, गावची जत्रा. दुपारचं ऊन, झुल्यांची करकर, जिलबीचा वास. मोकळ्या जागेत तुमची दंडार उभी आहे, ढोलकी तापली आहे, आणि तू चेटकीण झाला आहे. तोंडाला पांढरी माती, डोळ्यांत काजळ, डोक्यावर अंबाडीच्या वाखाचा टोप, जो आई तुला विंचरून देत असे. लेकरू आजारी पडतं, पुजारी बोट दाखवतो, गावकरी तुला केसांनी ओढतात. तू असा पडतो की धूळ उडते. आधी कोपर टेकवायचं आणि मग डोकं, हे मला घरी दाखवलं होतंस, तरी मी दर वेळी डोळे मिटते. लोक ओरडतात, "वन्समोर!" वन्समोर आला की सोंग पुन्हा करायचं, ही आपल्या झाडीपट्टीची रीत. तू उठतो, पुन्हा मार खातो, पुन्हा पडतो. पुन्हा वन्समोर. लोक हसतात, पण आता तुझ्याकडं बघून नाही. गर्दीत पुढं एक विधवा बसली आहे, हिरडा-बेहडा विकणारी, केस पांढरे. तिच्या शेजारची बाई सरकली, तिचं पाहून दुसरी, आणि बघता बघता तिच्याभोवती मातीचं मोकळं कडं तयार झालं. तिनं मांडीवरचं गाठोडं पोटाशी धरलं आहे.

तू ते कडं पाह्यलं. ढोलकी तुझ्यासाठी थांबली होती. तू डोक्यावरचा टोप काढला, काखेत मारला, आणि तसाच अर्ध्या पांढऱ्या तोंडानं जाऊन त्या मोकळ्या जागेत बसला. म्हणाला, "बाई, भूक लागली. काय आनलं खायाले?"

तिनं गाठोडं सोडलं. मोहफुलं भाजून जवसासोबत कुटलेले लाडू होते. तू एक तोंडात टाकला आणि मला हाक मारली, "पोट्टे, इकडं ये. खा." तिच्या हातचं खाल्लं की रक्त आटतं, असं मला पोरींनी सांगितलं होतं. माझ्या नाकातून शेंबूड आला. खरी घाबरलेली, बा, मी होते. आणि माझं ते तोंड बघावं असं कोणाला वाटलं नसतं. मी गेले. लाडू तोंडात घेतला. तो गोड होता, याचंच मला नवल वाटलं.

तुमच्या दंडारीचा म्होरक्या सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसला, "दंडार बुडवली तू! अरे, गंमत आहे, गंमत!"

तू तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "गंमत सरली, भाऊ. आता जेवू द्या."

मग एक म्हातारी पुढं सरकली, "मले बी दे व बाई एक." सगळे नाही आले. पण ते कडं मोडलं. तुला मात्र चेटकिणीचं सोंग पुन्हा कोणी दिलं नाही. पुढच्या मंडईला तू मागं उभा राहून टाळ वाजवत होता, आणि घरी आई कधी कधी पेटीतला टोप उगाच विंचरून ठेवायची.

काल मी बुढीकडं जाऊन बसले. पंपावरची एक म्हणाली, "बुढ्या बुढ्या एक झाल्या." म्हणजे माझ्या बसण्यानं कडं मोडलं नाही, थोडं रुंद झालं. मी आज आहे, उद्या तुझ्याकडं. तिथं तीच बसायला पाहिजे जिनं चित्र काढलं, आणि जिला सारं गाव ओळखतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुझी पेटी अजून आहे, पोट्टी त्यात चार्जर ठेवते. हेही तिथंच पडून राहील. तुला पोचलं असतं तरी तू वाचायचं विसरला असता. एक सांगून टाकते. ती मालिका मी नंतर नातीला लावायला लावून शेवटपर्यंत पाह्यली. ती पडणारी बाई फार चांगली पडते, बा. आधी कोपर टेकवते का ते मला बघायचं होतं, म्हणून मीही म्हणाले, "परत लाव." टेकवते.

आता रडू नको, पोरी, शाई पसरते. हे शेवटचं लिही. उद्या सकाळी बुढीकडं डबा न्यायचा. तांदळाची भाकर, लाखोरीचं वरण पातळ, मिरची नको, तिचं तोंड सोललं आहे. फोन घरी ठेवायचा. ती डबा रिकामा परत देणार नाही, त्यात मोह-जवसाचे लाडू घालेल. ते झाकून घरी आणायचे नाहीत. पंपावर बाया येईपर्यंत तिच्या ओसरीत बसायचं, आणि सगळ्यांसमोर खायचे. पण सगळे संपवू नको. एक मले आण, त्यातल्या त्यात मऊ बघून.