मावशीच्या रीतीची सुंठ

वेल्हे, मंगळवार,
ता. ११ फेब्रुवारी १९३६

बहीण मासूमा हिला ज्ञानूचा सलाम, आणि भाच्याला न बघितलेल्या मामाचा पापा.

मी हितं खुशाल आहे. तोरणा बघायला म्हणून एका दिवसासाठी आलो, तो दिवाळीपासून कुंडलिकदादाच्या घरी मुक्काम ठोकून आहे. गडावरून काय काय दिसतं ते लिहिणार होतो, पण तुझे मालक तट्टावर बांगड्यांची गोण बांधून दारात बसलेत नि "आटप" म्हणतायत.

काल इस्माईलभाऊ बांगड्या भरायला हितं आले. मुलगा झाला म्हणाले नि लगेच गोण सोडत बसले. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तुला दूध पुरत न्हाई, शेळीचं दूध बोळ्यानं पाजताय नि तेही पोराच्या पोटात ठरत न्हाई. आता पोर रडायचंसुद्धा कमी झालंय म्हणाले. दादाच्या घरच्या सखूवहिनी चुलीपुढनं ऐकत होत्या. त्या उठल्या नि उतरंडीतनं सुंठ काढून माझ्या हातात दिली. ह्यांच्याच परसातलं आलं आहे. कौलावर वाळत घातलं तेव्हा राखणीला मीच होतो. एका माकडानं तुकडा पळवून चावला नि असं तोंड केलं की... ते राहू दे.

रीत इस्माईलभाऊंना तोंडी सांगू लागलो, तर त्यांचे कान लाल. म्हणून लिहितोय. माझी तिसरी अर्धी राहिली पण तुझी पुरी झालीय, वाचशील.

सुंठ कुटून वस्त्रगाळ करायची. चिमूटभरच घ्यायची, जास्त झाली तर जीभ भाजते. तुपावर जरा परतायची, वास सुटला की गूळ, वरनं गाईचं दूध नि एक कढ. कोमट असतानाच प्यायची. आणि पोराला आधी अंगाशी धरायचं, ओढील तेवढं ओढू दे, बोळा मागाहून. मावशी असंच करते.

"करते" लिहून खोडलंय, दिसेल तुला. करायची.

आपल्या गल्लीत कुणीही बाळंत झालं की तुझी अम्मा, माझी मावशी, वाटी घेऊन तिच्या बाजेशी बसायची. मी शाळा चुकवून चुलीपाशी. बाई म्हणायची, "ठेवा, पिते मागनं." मावशी हलायची न्हाई. त्या बाईच्या सासूचं चालणं नि ठसकणं असं करून दाखवायची की हसता हसता वाटी रिकामी. मगच उठायची.

तुझ्यापाशी कोण बसतं गं?

सकाळी इस्माईलभाऊंनी विचारलं, "अम्मा गेल्यापासनं भोरला फिरकला न्हाईस. सुंठ धाडतोस, मग तू का येत न्हाईस?" मी म्हणालो, कोकणात उतरायचंय, चांगली सोबत मिळालीय. सोबत खरी आहे. पण दोनदा मी कापूरहोळपर्यंत आलो होतो. भोरचा फाटा दिसला नि पाय पुण्याकडं वळले. मावशीच्या दाराला कुलूप असेल, ते म्या अजून बघितलेलं न्हाई. बघितलं न्हाई तोवर ती आत भाकऱ्या थापतेय असं धरून चालता येतं.

माझी आई मला जन्म देऊन गेली, तेव्हा तू मावशीच्या मांडीवर होतीस. डावी बाजू तुला नि उजवी मला. दोघांना पुरावं म्हणून ती हीच सुंठ सकाळ-संध्याकाळ प्यायची. भांडण झालं की तू म्हणायचीस, "माझं दूध परत दे." मग मी नीरेकडं पळत सुटायचो. ते पळणं अजून थांबलेलं न्हाई.

कोकणची सोबत जाऊ दे पुढं. आत्ताच वहिनींना भोरला निघतो म्हणून सांगून आलो, त्यांनी वाटेला भाकरी बांधली.

तू हे वाचशील तेव्हा मी तुमच्या अंगणात तट्टाला पाणी दाखवत असेन. सासूबाईंना सांग, बाहेर परका न्हाई, दूधभाऊ उभा आहे, आणि दूधभावापासनं पडदा नसतो. हे मला मावशीनंच सांगितलेलं आहे. मला फक्त चूल दाखवा. नकला मला जमतात, कुणाची करायची ते तू हळूच सांग. वाटी रिकामी होईस्तोवर मी उठणार न्हाई.

हाक मार.

तुझा, उजव्या बाजूचा,
ज्ञानू