ड्राइव्ह चालत नाही म्हणून

१२ ऑगस्ट १९८९

ड्राइव्ह पुन्हा बंद. दिवा लागतो, आत मोटर एकदा हिसका देते आणि सगळं थांबतं. लॅपटॉप मात्र चालतो. हा जुना लॅपटॉप माझे दीर जयदेवभावजींनी आणला, त्यांच्या हॉटेलच्या साहेबाने टाकून दिलेला. डिस्कची पेटी, म्हणजे ही ड्राइव्ह, वेगळी. तिला वीज वायरीने लॅपटॉपमधूनच मिळते. "बॅटरी म्हातारी झालीय, वहिनी. दोघांना पुरत नाही." बॅटरी काढली, थेट भिंतीतल्या विजेवर लावलं. फ्रीज बंद केला, इस्त्री बंद केली. इथल्या बोलीत, पा पे मार्शे. नाहीच चालत.

मंडळाची विमला येऊन गेली. "चतुर्थीच्या नाटकाचं काय, ताई? पोरांना देवनागरी वाचता येत नाही. रोमन अक्षरांत छापून देणार होतात ना?" मी ड्राइव्हकडे बोट दाखवलं, नाटक तिच्यातच अडकलंय म्हणून.

किती हलकं वाटलं!

१४ ऑगस्ट

सापडलं. वायरीच्या टोकात कुंकू! घरात आली त्या दिवशी मीच पेटीची पूजा केली होती, हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. ते आत जाऊन वाळलेलं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून पुसलं. डिस्क फिरली, उघडली. तिच्यात नाटकाचं नाव आणि खाली एक वाक्य. कित्येक आठवडे तेवढंच आहे.

भावजींना सांगायला उठले — आणि भांडी घासायला बसले.

१७ ऑगस्ट

नाही सांगितलं.

१९ ऑगस्ट

मंडळाची बैठक. विमला म्हणाली, "काय जयदेव, हॉटेलवाल्यांना कचरा टाकायला तूच सापडलास?" गजेंद्र म्हणाला, "पुढच्या वेळी पाटा-वरवंटा आण. त्याला वीज लागत नाही." सगळे हसले. भावजीही हसले, पण कान लाल झालेले. मी कप गोळा करत राहिले.

मला हे लोक लेखिका म्हणून पुढच्या खुर्चीत बसवतात. आत काही उरलेलं नाही हे त्यांना कळेल, एवढीच भीती. त्यासाठी मी सगळ्यांना भावजींवर हसू दिलं.

२२ ऑगस्ट

भावजी रजा टाकून राजधानीत, पोर लुईला गेले, जास्त ताकदीचा अडॅप्टर शोधायला. बसमधून उतरले ते इथल्या ऑगस्टच्या हिवाळ्यात गारठून. "आता चालायलाच पाहिजे, वहिनी." ते हात धुवायला गेले आणि मी ड्राइव्हच्या वायरीचं टोक किंचित बाहेर ओढलं.

हो, मी ओढलं. या हाताने.

दिवा लागला, हिसका, बंद. ते खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. चहा ठेवते म्हणून आत गेले.

२५ ऑगस्ट

सांगितलं. भावजी दारात चपला काढत होते. "यंत्र चांगलं आहे. नाटकच नाही."

"ठाऊक आहे. तुम्ही चहा ठेवत होता तेव्हा वायर आत खोचून पाहिली. एकच वाक्य आहे."

मी उगाच दारातलं पायपुसणं सरळ केलं.

"मी मंडळात सांगून बसलोय," ते म्हणाले, "ड्राइव्ह एकदाच चालली, तेवढ्यात सगळं वाचलं, शेवटी रडू आलं. आता मला खोटं पाडू नका, वहिनी."