दोरीने बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर

वरवट बकाल

प्रिय अनस,

अ‍ॅम्प्लिफायरबद्दलचे तुझे सगळे मेसेज मिळाले. एवढी चौकशी लोक सोयरीक जुळवतानाही करत नाहीत. वॉट किती, आपल्या स्पीकरना झेपतील का, नुसती कव्वाली ऐकायची तर दोन स्पीकरवाला साधा घ्या, सिनेमा बघायचा असेल तर पाच स्पीकरवाला रिसीव्हर घ्या, टीव्हीची वायर जोडायची जागा मागे आहे का ते आधी बघून घ्या. मी सगळं वाचलं, निम्मं समजलंही. उत्तर दिलं नाही, कारण जे सांगायचंय ते अंगठ्याने लिहिण्यासारखं नाही. अब्बा आपल्या हातून चाललेत, अनस. शरीराने ठणठणीत आहेत, पोटभर जेवतात, मशिदीपर्यंत चालत जातात. पण त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून चाललाय, आणि हे सगळं तुझ्यापासून लपवून ठेवलेलं आहे.

लपवणारी अम्मी आहे. "पोट्टा परदेस में है, उसके कान पे कुछ नको डालू," असं तिने मला बजावून ठेवलंय. तुझा व्हिडिओ कॉल यायचा असला की ती अब्बांना धुतलेला कुर्ता घालते, टोपी सरळ करते, खाटेवर बसवते आणि तुला दिसणार नाही असं कोपराने ढोसते. मग अब्बा "हाव, हाव, सब खैरियत" म्हणतात आणि तू खूश होतोस. ते कमी बोलतात ते जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाल्याच्या दुःखाने, असं तुला वाटतं, म्हणून तू बिचारा तिकडे दम्मामला बसून रात्रंदिवस नवा शोधतोस. मी फोनवर बोलणार कशी? माझं सासर दोन गल्ल्या सोडून असलं तरी तुझा फोन वाजला की अम्मी तिथेही हजर असते. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी नाही. अब्बांनी आपल्याला मराठी शाळेत घातलं तेव्हा मोहल्ल्याने नावं ठेवली होती, आज ती शाळा अशी कामी आली. संग्रामपूरचा एक जण सुट्टी संपवून तिकडे परत निघालाय, त्याच्या हाती देते आहे.

आता जुना कसा जळाला ते ऐक. वीज कमीजास्त झाली, असं अम्मीने तुला सांगितलं. खोटं आहे ते. तो अ‍ॅम्प्लिफायर अब्बांनी जेद्दाहहून आणला होता, तिकडच्या एकशेदहा व्होल्टचा. आपल्याकडे दोनशेतीस. म्हणून मध्ये तो जड लोखंडी डबा, वीज कमी करणारा. डब्याशिवाय वायर भिंतीत लावायची नाही, हा आपल्या घरातला कलमाच होता म्हण ना. तू लहानपणी नुसता त्या वायरशी खेळत होतास तर केवढी थप्पड खाल्ली होतीस, आणि मग अब्बा स्वतःच तुला कडेवर घेऊन बाजारात जिलेबी खायला घेऊन गेले होते. ज्या माणसाने सारी उमर जेद्दाहात वायरिंगची कामं केली, त्याला कोणी काय शिकवायचं. त्या दिवशी मी अंबाडीची भाजी घेऊन गेले होते. अब्बांनी डब्यातून वायर काढली, डबा पायाने बाजूला सारला आणि वायर सरळ भिंतीत खोचली. मी ओरडेपर्यंत वास सुटला, धूर आला. घाबरले नाहीत. उलट मला समजावलं, "यहाँ तो एक सौ दसहीच आता है, बेटी." मला वाटलं, म्हातारपणी होते चूक. मेकॅनिककडे दिला, त्याने हात टेकले. मीही तो विषय सोडून दिला.

मग तुझ्या मेसेजांची शिदोरी घेऊन मी अब्बांना खामगावला नेलं. दुकानदार भागवत म्हणून आहे, भला माणूस. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि आधी तुझा आवडता पाच स्पीकरवाला लावला, सिनेमातला पावसाचा प्रसंग. विजा पाठीमागून कडाडल्या तसे अब्बा दचकून मागे वळून बघायला लागले. म्हणाले, "आवाज मागून आला की माणूस भेते. गाणं समोरून आलं पायजे." मग दोन स्पीकरवाला लावला, कव्वाली लावली, आणि अनस, अब्बा कसे ऐकत होते काय सांगू. डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ठेका धरून. तबला जरा दाबल्यासारखा येतो म्हणाले. भागवतने दुसरा लावला, तिसरा लावला. तिसऱ्याला अब्बांनी मान डोलावली आणि टीव्हीची वायर कुठे बसते तेही स्वतः वाकून बघितलं. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, उगाच घाबरले मी, कुठे काय झालंय यांना.

तेवढ्यात अब्बांनी भागवतला विचारलं, "तुमी वऱ्हाडातले काय हो?" तो म्हणाला, "हाव चाचा, इथलाच, खामगावचा." अब्बांचा चेहरा असा फुलला की मी त्यांना इतकं आनंदात कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मंग तं गावचेच झाले नं तुमी. इतक्या दूर आपला माणूस भेटला. पॅकिंग मजबूत करजा भाऊ, याले इमानातून जा लागते. घरी लेकरं वाट पाहून राह्यले असतीन." भागवत माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. त्या क्षणी मला भिंतीत खोचलेली ती वायर कळली. अब्बांनी चूक केलीच नव्हती. ते जेद्दाहात होते, आणि जेद्दाहात डबा लागत नाही.

भागवत उठला. खोका बांधायला नायलॉनची दोरी काढली, काळा मार्कर दिला. तिकडून सुट्टीवर येणारे लोक बांधतात तसा अब्बांनी खोका आडवातिडवा आवळला, आणि मोठ्या अक्षरात चारी बाजूंनी स्वतःचं नाव लिहिलं: निजाम, मुक्काम पोस्ट वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. मग तो खोका आम्ही वरवट बकाललाच आणला, आणि अब्बा त्याच्या शेजारी बसले ते बसलेच. खोलू देत नाहीत. हे सामान घरचं आहे, घरी गेल्यावरच खोलायचं, असं म्हणतात. ते नमाजाला गेले असताना मी एकदा गाठी सोडायला बसले, तर परत येऊन बघितलं आणि लहान पोरासारखे रडले. खोलीतले लोक चोरी करायला लागले म्हणाले. आपलं घर त्यांना ती जेद्दाहची खोली वाटते, सहा जणांत मिळून घेतलेली. तेव्हापासून मी दोरीला हात लावला नाही.

अम्मीचं मात्र मला बघवत नाही. अब्बा तिच्यासमोर नजर खाली करून बसतात, परक्या बाईसमोर शरीफ माणूस बसतो तसे. तिने चहा दिला की "मेहेरबानी, बाजी" म्हणतात, बायकोलाच बहीण. आणि मग सांगत बसतात की गावाकडे माझी घरवाली सबीहा आहे, तिच्या हातच्या भाकरीची चव इथे कुणाच्या हाताला नाही, ती चिठ्ठीत सगळं ठीक आहे लिहिते पण मला माहीत आहे की ती एकटी रडते. अम्मी समोर बसून सगळं ऐकते. एकदा मला म्हणाली, इतकी वर्षं संसार केला, हे कधी बोलले नाहीत गं बाई, आता सांगतात तेही दुसरीला. आणि पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्यात. हे मागे फिरणारं नाही, फक्त जरा हळू जाईल, असं त्यांनी साफ सांगितलं. मी दुआ मागायची सोडलेली नाही, पण खरं सांगते, मागताना आता जोर लागत नाही. थकले आहे मी. घरात आवाज म्हणून नाही. ते दोन मोठे स्पीकर नुसते उभे असतात, आणि अब्बा दिवसभर खोक्याला टेकून आपली रजा मंजूर व्हायची वाट बघतात.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. अब्बांनी आपली रजा मिळायची आशा सोडली आहे. परवापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात की आपल्या गावाकडे सुट्टीवर कोणी निघालंय का, एवढं एक सामान न्यायचं होतं. माझ्या नवऱ्याने मी नेतो म्हटलं, तर त्याला म्हणाले, तुम्ही तर आत्ताच कामावर लागलात, तुम्हाला कोण सुट्टी देणार. तू ये, अनस. बाकी सगळं सोडून ये. पण मुलगा म्हणून येऊ नकोस, त्यांचा मुलगा अजून दुसरीत शिकतो, मुलगा म्हणवणारा दाढीवाला माणूस ते घरात घेणार नाहीत. बॅग घेऊन, कपडे चुरगळलेले, सुट्टीवर निघालेला गाववाला म्हणून दारात उभा राहा आणि म्हण, चाचा, मी वरवटला चाललोय, काही द्यायचंय का. ते तुला खोका देतील. माझ्या अनसला द्या म्हणून सांगतील, मी आलो की दोघं मिळून खोलू असा निरोप देतील. तू हाव म्हण, खोका उचल आणि मागे न बघता बाहेर पड. गल्लीच्या कोपऱ्यावर मी उभी असेन.

तुझीच,
आसमा आपा