तुम्ही म्हणाल तसं

प्रिय लीला,

लग्न ठरलं तेव्हा तू म्हणायचीस, "एक तरी चिठ्ठी लिहा की हो मला." अन् मी मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवून मोकळा व्हायचो. आता लिहून राहिलो बघ. देवणीत, आपल्या दुकानात, सरकी पेंडीच्या पोत्यावर बसून. शटर अर्धं ओढलंय. गिऱ्हाईक वाकून विचारतंय, "हाईत का मालक?" अन् मालकच आतून म्हणतोय, "न्हाईत."

आजच का लिहायला बसलो, ते सांगतो. सकाळी मामांचा फोन आला होता, तुझ्या वडलांचा. आपल्या छकुलीचा खोकला बरा आहे, आता भाताची पेज खाते, खालचे दोन दात दिसायला लागलेत. सगळं सांगून झालं अन् मग हळूच म्हणाले, "जावईबापू, लेकराला न्यायचं का इथंच ठेवायचं? तुम्ही म्हणाल तसं."

ते शब्द कानावर पडले. मी तसाच फोन ठेवून दिला. सासऱ्याचा फोन असा कुणी ठेवतं का? मी ठेवला.

तू त्या दिवशी स्ट्रेचरवर होतीस. फोनच्या या टोकाला काय चाललं होतं, ते तुला कुणी सांगितलंच नाही. मलाही कुणाला सांगता आलं नाही. घरात तो विषय निघाला की बाप असून अप्पा उठून गोठ्यात जातात अन् आई असून अव्वा मिरच्या निवडायला घेते. मग मी तुला नाही तर कुणाला सांगू?

उदगीरच्या डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यातच बजावलं होतं. बाळ पायाकडून आहे, तुझं रक्त कमी आहे, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. लातूर करा नाहीतर नांदेड करा, पण ऑपरेशन अन् रक्त एका जागी मिळेल असं बघा. मी तिथंच म्हणालो, लातूर. घरी येऊन सांगितलं तर अव्वा उलट खूश झाली. का, तर पायाळू लेकरू येणार. "आता गावात कुणाची बी कंबर धरली की आपल्याच दारात यावं लागंल, लाथ मारून घ्यायला." तू पोट धरून हसलीस. मीही हसलो. डॉक्टरीणबाईंचं अर्धं बोलणं त्या हसण्यातच वाहून गेलं.

मग ओटी भरली अन् मामा तुला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी अप्पांना म्हणालो, लातूरला आधी नाव घालून ठेवू, दिवस भरायच्या आधीच नेऊ, तुझ्या माहेराहून, बिलोलीकडून, ऐनवेळी लातूर लई लांब पडेल. अप्पा म्हणाले, "पहिलं बाळंतपण हा त्यांचा मान हाय. आपण त्यात तोंड घालू न्हाई."

अन् तू? तू तर आधीच बॅग भरून बसली होतीस. कधी कधी तुझाही राग येतो मला, खोटं कशाला बोलू? एकदा तरी म्हणायचं होतंस, मला भीती वाटून राहिली म्हणून. तू म्हणालीस, "मला आईच्या हातचं खायचंय. दिवस भरेस्तोवर तरी मला कुणाची सून व्हायचं न्हाई." यावर मी काय बोलणार होतो, तूच सांग.

मधल्या काळात जावयानं तिकडं जायचं नाही. बोलावणं आल्यावर जायचं, पेढे घेऊन. म्हणून मी इथं पेंड विकत बसलो अन् तू व्हिडिओ कॉलवर पोट दाखवत बसलीस. आतून लाथ बसली की ओरडायचीस, "बघा, झाली तुमची कंबर नीट." तो एक व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. मी तो लावत नाही.

त्या दिवशी सकाळी गजूचा फोन आला, तुझ्या भावाचा. कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात आणलंय. मी पिकअपची चावी घेतली. अप्पा म्हणाले, "त्यांनी बोलावलंय का? मग कुठं निघाला? तिथं बायकांचं काम चाललंय, तू जाऊन काय करणार?" मी चावी खुंटीला लावली. लीला, दारात गाडी उभी होती माझ्या, टाकी भरलेली.

दुपारी मामांचा फोन आला, तोही मला नाही, अप्पांना. मोठ्यांनी मोठ्यांशीच बोलायचं ना! अप्पांनी स्पीकर लावला, कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून. आधी शरणार्थ-शरणार्थ म्हणून नमस्कार झाला. मग जेवणं झाली का, तिकडं ऊन कसं आहे, हे झालं. मग कुठं मामा कामाचं बोलले. डॉक्टरांनी तपासलं अन् लगेच सांगितलं, इथं जमणार नाही, मोठ्या दवाखान्यात हलवा. रुग्णवाहिका दारात लागली आहे.

"डॉक्टर नांदेडला न्या म्हणून राहिले," मामा म्हणाले. "पण जावईबापूंच्या मनात लातूर होतं, लीलानं सांगितलं होतं. पोरगी तुमची हाय. तुम्ही म्हणाल तसं."

अप्पा म्हणाले, "न्हाई न्हाई, असं कसं? पोरगी तुमच्या दारात हाय. आम्ही मधी बोललेलं बरं दिसंल का? तुम्ही म्हणाल तसं."

"तसं न्हाई अप्पा. उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्ही म्हणाल, आम्हाला विचारलं न्हाई."

"आम्ही कशाला म्हणू? तुमचं आमचं काय वेगळं हाय का?"

किती गोड बोलत होते गं दोघं. आपल्या लग्नात रुसव्याफुगव्यापायी एकमेकांकडं पाठ करून बसले होते हेच दोघं. त्या दिवशी मात्र एकानं दुसऱ्याचा शब्द खाली पडू दिला नाही. मी समोर उभा राहून अप्पांना खुणा करून राहिलो, नांदेड म्हणा, नांदेड म्हणा. अप्पा हातानंच मला गप्प बसवून राहिले. फोनमध्ये मागं गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. अन् त्याच्याही मागं तुझा.

"मला न्या की कुठं बी. पण न्या."

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. मामांनाही आलं असणार, ते तर तुझ्या शेजारी होते. पण तुला कुणी विचारलंच नव्हतं. आमचं आमचं चाललं होतं.

मी अप्पांच्या हातातून फोन हिसकावला. "मामा, नांदेड. आत्ता निघा," म्हणालो. म्हणालो खरं, पण कधी? अप्पांनी फोन घेताना खाली ठेवलेल्या चहावर जाडजूड साय धरल्यावर.

पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. जळकोटला बाजार भरला होता, रस्त्यात शेळ्याच शेळ्या, एवढंच आठवतं. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. एक म्हातारी मला शिव्या देत होती अन् मी तिला काच खाली करून सांगत होतो, "मावशे, माझी बायको अडली, बाजूला हो." तिनं हातातल्या काठीनं स्वतःच शेळ्या हाकलल्या.

नांदेडच्या दवाखान्यात मी पोचलो अन् तुला ऑपरेशनला आत घेतच होते. दारात तुझा हात सापडला. घामानं गार पडला होता. तू डोळे उघडून बघितलंस अन् म्हणालीस, "कुणाला विचारून आलात?" अन् थोडंसं हसलीस. त्या हालातही माझी खोड काढलीस. तेवढ्यात दार लागलं.

रक्त आणा म्हणाले. मी अन् गजू पळालो. पिशव्या छातीशी धरून जिना चढलो, शर्ट गार पडला होता. वर डॉक्टर उभे होते, वयानं माझ्याच एवढे असतील. म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर." रागानं नाही म्हणाले. फार थकलेले दिसत होते. मी त्यांच्यापुढं त्या पिशव्या धरल्या, घ्या ना, आणल्यात की. गजूनं माझ्या हातातून त्या काढून घेतल्या.

मग एक सिस्टर आली. "बाप कोण?" तिनं पुन्हा विचारलं तेव्हा गजूनं मला पुढं ढकललं. "मुलगी हाय. श्वास जरा कमी हाय म्हणून काचेत ठेवलंय, पण लेकरू दमाचं हाय. हात धुवून या." बाप झाल्यावर माणूस नाचतो, पेढे वाटतो. मी बेसिनपाशी हात धुवत उभा राहिलो अन् धुतच राहिलो. शेवटी सिस्टरनंच नळ बंद केला.

तुला माती कुठं द्यायची, हे मात्र लगेच ठरलं. मामा म्हणाले, सासरी. अप्पा म्हणाले, हाव. झालं. गेल्यावर तू कुणाची, यासाठी कुणाला कुणाचा मान राखत बसावं लागलं नाही. लीला, मला तिथं ओरडायचं होतं. स्वामी मंत्र म्हणत होते अन् मी दातावर दात दाबून उभा होतो.

गेल्या महिन्यात शेजारच्यांची देवणी गाय अडली. वासराचे पाय आधी आले होते. अप्पांनी खुंटीवरची चावी काढून माझ्या अंगावर फेकली, "पळ, डॉक्टरला घेऊन ये, इचारत काय बसला?" मी डॉक्टर आणला. गाय वाचली, वासरू उभं राहिलं. अप्पा सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगत सुटले. मी ती चावी परत खुंटीला लावली.

आता छकुलीचं ऐक. महिन्यातून एकदा तिला बघायला जातो. ती माझ्याकडं येत नाही. मिशी बघितली की मामींच्या, तुझ्या आईच्या, पदरात तोंड खुपसते. रडते तेव्हा तिची हनुवटी तुझ्यासारखी थरथरते अन् मग मलाच तिथं बसवत नाही. एकदा परत येताना मांजरेच्या पुलावर गाडी थांबवली अन् कठड्याला धरून लई वेळ उभा राहिलो. पुढचं तुला सांगत नाही. आलो घरी.

अव्वाचं वेगळंच चाललंय. "लेकरू आजीजवळ रुळलंय, तिकडंच वाढू दे. तुझं वय काय झालंय? भालकीकडचं स्थळ हाय." ती वाईट नाही गं. रोज तुझ्या फोटोपुढं दिवा लावते अन् मग मला स्थळं सांगते. मी काय करू? मला लेकरू धरता येत नाही, तिला ताप आला तर पाणी द्यायचं का दूध, एवढं कळत नाही. आणलं अन् तिला काही झालं तर? अन् नाही आणलं, तर उद्या मी दारात गेल्यावर ती आत ओरडून सांगेल, "आजी, पाव्हणे आले." मी मरून जाईन त्या दिवशी.

इथवर लिहिलं अन् उठलो. मामांना फोन लावला. म्हणालो, "मामा, सकाळी फोन ठेवला, चुकलं. लेकराला न्यायला उद्या येतोय."

मामा म्हणाले, "तुमची सासू त्या लेकरापायी सकाळी उठून राहिली, जावईबापू. न्हाई तर उठत नव्हती."

याचा मी विचारच केला नव्हता. माझी लेक, माझं दुःख, एवढंच धरून बसलो होतो. मी म्हणालो, "त्यांना फोन द्या."

मामी आल्या. मागं छकुली काहीतरी आपटून राहिली होती. मी म्हणालो, "मामी, तुम्ही बी चला. राहायला चला. चार दिवस न्हाई, ती चालंल, बोलंल, शाळेत जाईल तोवर. मला तिचं काही येत न्हाई. तुम्ही शिकवा."

तुला ठाऊक आहे तुझी आई. लेकीच्या सासरचं पाणी प्यायलासुद्धा संकोचायची. दोनदा आली आपल्याकडं, दोन्ही वेळा उंबऱ्याजवळच बसली. ती जावयाच्या घरी राहायला येणार? एवढ्यात शटरखालून वाकून अप्पा आत आले. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "अरे, विहीणबाई आपल्या घरात राहणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या," मी म्हणालो. अप्पा शेजारच्या पोत्यावर बसले अन् रुमालानं डोळे पुसायला लागले. तुझ्यासाठी त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

फोन चालूच होता. तिकडं मामा विचारत होते, "काय म्हणून राहिले? काय म्हणून राहिले?" मामींनी त्यांना उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, "दुपटी वाळायला टाकलीत. ती आधी काढते." अन् फोन ठेवला.

लीला, मी काही फार शहाणा झालेलो नाही, उद्याचीसुद्धा भीती वाटून राहिली. पण एक शब्द देतो. आपली पोरगी मोठी होईल. एक दिवस तिचेही दिवस भरतील अन् तिचं माहेर म्हणजे मीच असेन. दोन्हीकडच्या मोठ्यांना मी बसायला सतरंजी टाकीन, त्यांचं सगळं ऐकून घेईन. पण त्याच्या आधी आत जाऊन तिला विचारीन, बाई, तुला कुठं जायचंय? अन् तिनं गावाचं नाव पुरतं घ्यायच्या आत मी गाडीत बसलेला असेन.

तुझा,
शिवकुमार
छकुलीचा बाप