वाडी वेगळी निघताना

२ ऑक्टोबर २००१
ग्रामसभा. सतरंज्या मीच टाकल्या, मीच झटकल्या. वाडीची माणसं भांडायच्या तयारीनं आलेली, तानाजी तर बाह्या सरसावूनच. विषय एकच, वाडीला वेगळी ग्रामपंचायत द्या. वाडीचे बिरू आबा उठले. एवढी वर्षं गावाबरोबर एका ग्रा.पं.त राहून वाडीला काय मिळालं, असं म्हणायला लागले, तेवढ्यात सरपंच अण्णा म्हणाले, "ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. हात वर करा." आणि गावाचेच हात आधी वर! वाडीवाले तोंडाकडं बघत राहिले. मग टाळ्या.
मला बरं नाही वाटलं. नऊ वर्षं ग्रा.पं.चा शिपाई आहे मी. साधा दिव्याचा बल्ब बदलायचा तर अण्णा तीन मीटिंगा घेतात. आणि आज एका मिनिटात अख्खी वाडी सोडली.

५ ऑक्टो.
आज पाणी वाडीला. एक दिवस गाव, एक दिवस वाडी. विहीर नदीकाठी, गावाच्या हद्दीत. तिथून पाइप माळावर चढतो, वाडीच्या टाकीत पडतो. पाणी सोडायचा व्हॉल फिरवायचा मी. राहायला वाडीच्या बौद्धवस्तीत. म्हणजे पगार गावाचा आणि तहान वाडीची.
टपरीवर जुंपली होती. तानाजीचं शिक्रापूरला ग्रीलचं वर्कशॉप, ट्रकवाल्यांत बसून बसून हिंदीत दम देतो. म्हणाला, "बोलणी कशाला करायची? निकल गये तो निकल गये!" आबा म्हणाले, "भाऊ वेगळं निघत्यात तवा बी भांडी वाटून घ्यावी लागत्यात, लेका." मला दोघांचंही पटलं. हा माझा जुनाच रोग.

१९ नोव्हें.
बोलणी सुरू. शाळेची खोली. गावाचे पाच, वाडीचे पाच. वस्तीतला कुणी नाही, कुणी विचारलंही नाही. चहा द्यायला मी, त्यामुळं सगळं कानावर.
अडीच तास नुसतं गायरान. आबांचा जीव त्याच्यात. आज्या-पणज्यांची मेंढरं चरली म्हणे तिथं. आता अख्ख्या वाडीत मेंढरं फक्त आबांची, अकरा. बाकी सगळ्यांचं कांदा आन् कंपनी. शेवटी अण्णा म्हणाले, "घ्या आबा, गायरान तुमचं." आबांचे डोळे भरून आले. अण्णांनी बशीत चहा ओतला, माझ्याकडं बघून जरा हसले.
का हसले?

१६ डिसें.
बिरोबाच्या देवळापुढं वाडीची सभा. गावाशी काय ठरलं तो कागद मास्तरांनी वाचला. अकरा कलमं. गायरान, शाळेची खोली, जत्रेत काठीचा मान, रस्ता, जुने दाखले… तानाजी मध्येच ओरडला, "एवढंच? आबांनी वाडी विकली!" त्याच्यामागं पोरं उठली. म्हातारे शिव्या द्यायला लागले. एका बापानं तर पोराच्या सगळ्यांदेखत कानाखाली काढली. निघायचं यावर सगळ्यांचं एक, कसं निघायचं यावर डोकी फुटायची वेळ.
जरा शांत झाल्यावर मी उठलो. म्हणलं, पाण्याचं एक कलम घाला. विहीर त्यांच्याकडंच राहतीय.
आबा हसले. "येड्या, पाण्याचं कुणी लिवून घेतं व्हय? पाण्याला न्हाई म्हणणारा अजून जन्माला यायचाय!"
सगळे हसले. तानाजी पण. तेवढ्यापुरतं दोन्ही पार्ट्यांचं एक झालं. मी खाली बसलो.
माझी आज्जी त्याच विहिरीपाशी घागर घेऊन लांब बसायची. कुणी वरून ओतलं तर ओतलं, नाहीतर दुपार. न्हाई म्हणणारे जन्माला आले होते की, चांगली पांढरी धोतरं नेसून! हे बोलायला पाहिजे होतं. जिभेवर आलं होतं. नाही बोललो. मेल्याहून मेल्यासारखं वाटतंय.

१७ डिसें.
घरी बायकोला, शोभाला सांगितलं. म्हणाली, "आबांना जन्मात कुणी पाण्याला न्हाई म्हणलं न्हाई. त्यांना कसं कळावं? आन् तुम्हाला कळतंय तर तुम्ही का बसला खाली?"
जेवलो नाही नीट.

६ जाने. २००२
परत गेलो आबांकडं, एकटाच. लोकर कातरत होते. म्हणलं, आबा, तेवढं एक कलम…
कातर थांबली. "सुभाषा, त्या विहिरीच्या पाण्यावर माझा बाप वाढला. अण्णाचा बाप आन् माझा बाप एका ताटात जेवायचे. आता पाणी लिवून द्या म्हणू? म्हंजी तुमचा भरवसा न्हाई, असं तोंडावर सांगितल्यासारखंच. माझ्यानं न्हाई व्हायचं." मग चिडले, "तुम्हा लोकांना सगळंच कागदावर लागतं."
तुम्हा लोकांना.
निघालो. तर मागनं हाक मारून गुळाचा खडा हातावर ठेवला, घरी पोरीला दे म्हणाले. रागवायचं तरी कसं या माणसावर? तरी राग आहे. अजून आहे.

२६ जाने.
ग्रामसभा. कागदावर सह्या. आबांचा अंगठा. शाईची डबी मी धरली होती.

१८ जून
विलासनं घोळ घातला. माझा चुलतभाऊ, शिक्रापूरला कंपनीत. शिरूरला तहसीलमध्ये हरकत देऊन आला: वस्तीला गावातच ठेवा, नाहीतर पाण्याची लेखी हमी द्या. सगळ्या वस्तीच्या सह्या, माझी सोडून. म्हणलं, मला का विचारलं नाही? "तुझी नोकरी हाय, दादा. तुला वाचवला." उपकार केले की शिवी दिली, समजेना.

२ जुलै
वाडीत बोभाटा. वस्ती फितूर झाली. गिरणीवाल्यानं शोभाचं दळण तीन दिवस तसंच ठेवलं, पट्टा तुटलाय म्हणे. बाकीच्यांचं तेवढं दळतोय. दुकानात पाय ठेवला की बोलणं बंद. पोरगी शाळेतून रडत आली, काय झालं सांगत नाही.

२३ जुलै
शिरूरला सुनावणी. साहेबांनी कागद चाळला. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या कलमांत पाण्याचा वाद कुठं दिसत नाही, हरकत निकाली. पाच मिनिटं पण लागली नाहीत. विलास तोंड पाडून तिथनंच शिक्रापूरला गेला. एस्टीत आबा माझ्याशेजारी बसले. तिकीट ज्यानं त्यानं आपापलं काढलं.

८ जाने. २००३
आदेश आला! वाडी वेगळी. हलगी, गुलाल, आबा आणि तानाजी एकाच ट्रॅक्टरवर. वस्तीतली पोरं पण नाचली, हलगी वाजली की पाय काय राहतात? अण्णा स्वतः पेढे घेऊन वाडीत आले, आबांच्या गळ्यात पडले. जाताना मला बाजूला घेतलं.
"व्हॉलची चावी एकच हाय ना रे?"
म्हणलं, एकच.
"जप."
पेढा तसाच खिशात ठेवला.

११ मार्च
विहिरीचा तळ दिसायला लागला. अण्णांचा हुकूम, वाडीला तिसऱ्या दिवशी. वाडीत सगळे म्हणतात उन्हाळाच तसा आहे. असेल. गावाला मात्र रोज चाललंय. हे मी कुणाला बोललेलो नाही.

२४ मार्च
अण्णांनी बोलावून घेतलं. "वाडीचा व्हॉल बंद कर. आमच्याच बाया भांडाय लागल्यात. त्यांची आता वेगळी ग्रामपंचायत हाय, करतील आपली सोय."
म्हणलं, अण्णा, लेखी द्या.
अण्णा हसले, "पाण्याचं लेखी? आबालाच विचार की, लिवत्यात का." आबांचं ते देवळापुढचं बोलणं ह्यांच्यापर्यंत कवाच पोचलेलं.
बंद केला. मी. ह्या हातानं. चावी दोनदा घसरली. आमचा नळ पण त्याच पाइपावर. शोभाला सांगायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिनं रिकामा हंडा आणून माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली.

२८ मार्च
देवळापुढं सभा. तानाजी म्हणे, "मी तवाच म्हणलो व्हतो!" काय म्हणला होता? हसला होता की दात काढून. आता ज्याला त्याला आठवतंय की आपण पाण्याचं बोललो होतो. आबांना कुणीतरी "ए म्हाताऱ्या" म्हणलं. आबांना! वाडीत आजवर असं झालं नव्हतं.
मग विषय माझ्यावर. व्हॉल कुणी बंद केला? म्हणलं, मी. तानाजीनं गचांडी धरली. आबांनी त्याचा हात सोडवला. म्हणाले, "ह्यानं सांगितलं व्हतं. मी हसलो."
एवढंच बोलून काठी घेऊन घरी गेले. सभा मोडली. ठरलं काहीच नाही.

१ एप्रिल
आबा ग्रा.पं.त आले, अण्णांना भेटायला. बाहेरच्या पायरीवर बसवलं. दोन तास. अण्णा आतच, पेपर वाचत. मी झाडू घेऊन उगीच इकडून तिकडं. शेवटी अण्णा म्हणाले, "उद्या या म्हणावं." हे सांगायला पण मीच.
आबा म्हणाले, "बरं." ऊन चटकत होतं. माझ्याकडं पाणी मागितलं नाही. मी विचारायला पाहिजे होतं, पण तोवर ते रस्त्याला लागले होते.

४ एप्रिल
वाडीची टाकी पार कोरडी. टँकरचा अर्ज गेलाय, तो कुठल्या टेबलावर आहे देव जाणे. बाया वस्तीच्या हापशावर यायला लागल्या. पाणी मचूळ, पण आहे. दिलं सगळ्यांनी. शोभानं तर म्हाताऱ्या बायांना स्वतः हापसून दिलं. गिरणीवाल्याची बायको पण आली होती, मान खाली घालून. शोभा तिला म्हणाली, "पट्टा झाला का नीट?" मग दोघी हसल्या.
मला वाटलं, चला, निभावलं.

७ एप्रिल
कसलं निभावतंय. हापसून हापसून हात तुटतात तेव्हा एक हंडा. वस्तीची चौदा घरं, वाडीची नव्वद. काल आमच्यातल्याच तिघींना पाणी उरलं नाही.
विलास साखळी आणि कुलूप घेऊनच आला. "फितूर म्हणताना ग्वाड लागलं! मी पाण्याला न्हाई म्हणत न्हाई. लिवून द्या म्हणतोय. पयलं वस्ती भरणार, मग वाडी. आन् नव्या ग्रामपंचायतीत आमचा माणूस घ्या." निम्मी वस्ती त्याच्या बाजूला, निम्मी त्याच्या अंगावर. शोभा म्हणाली, "मग आपल्यात आन् अण्णात फरक काय?" विलास म्हणाला, "फरक हाय, वहिनी. आपण कारण सांगतोय."
कुलूप लागलं. मी मध्ये पडलो नाही.

८ एप्रिल
सकाळी विलासनं किल्ली माझ्या हातात आणून ठेवली. "तू दोन्हीकडचा. ठरव." पळवाट काढावी तर यानं.
रांग मोठी. तानाजीची आई पण आहे. सगळ्यांच्या मागं आबा, हातात कळशी. वस्तीच्या तोंडाशीच थांबले, आत येईनात. मी पुढं गेलो. म्हणलं, आबा, या की.
"न्हाई. आधी लिव. काय लिवायचं ते तूच लिव, मी अंगठा करतो."
रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. एखाद्या साहेबापुढं बोलावं तसं बोलले, माझ्याशी.
कागद-पेन आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहीत बसलोय. काय लिहू? सगळ्यांना देऊ असं लिहिलं तर हापसा आटल्यावर काय? आधी वस्ती असं लिहिलं तर ते वाचायला मीच राहणार जन्मभर. आणि खरं सांगायचं तर मला पाहिजे आहे त्यांचा अंगठा. देवळापुढं खाली बसलो त्या दिवसापासून पाहिजे आहे. लाज वाटतीय, तरी पाहिजे आहे.
बाहेर विलासचा आवाज चढलाय. तानाजी पण आलाय वाटतं, हिंदी ऐकू येतीय.
शोभा आत्ता दारात येऊन गेली. "आवो, निबंध लिवताय का? बाया उन्हात हायेत. आबा खाली बसलेत."
नुसतेच बसलेत की चक्कर आली, ते विचारेपर्यंत ती गेली पण.