लातूरची बरगडी

लातूर,
रविवार, ८ मे १९८३

तीर्थस्वरूप पार्वतम्मा आत्यांस,
शिवकांताचे शरणु शरणार्थी.

इकडे अप्पा, आई व मी सुखरूप आहोत. टँकर दिवसाआड येतो आणि आला की गल्लीत एकच धांदल उडते. उदगीरला तुमच्या आडाला अजून पाणी आहे हे वाचून आईने हात जोडले. मामांचा गुडघा आता कसा आहे?

"आमच्या सिद्धलिंगविषयी तुझ्या मनात काय आहे ते तूच कळव," असे तुम्ही मागील पत्रात विचारले आहे. उत्तर मी याच पत्रात देणार आहे. परंतु काल येथे जे घडले ते सांगितल्यावाचून माझी लेखणी दुसरीकडे वळायलाच तयार नाही!

उस्मानाबादपासून वेगळ्या झालेल्या आपल्या नव्या जिल्ह्याची आठवण म्हणून आमच्या वाचनालयाच्या अंगणात एक शिल्प उभारायचे ठरले, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्यासाठी अध्यक्ष चंद्रप्पांनी थेट लेबनॉन देशाच्या शिल्पकार नुहाद खरीरी यांना आणले. त्या वर्षभरापूर्वी हैदराबादच्या कला महाविद्यालयात शिकवायला आल्या. त्यांच्याशी इंग्रजीत बोलण्यासाठी मला नेमण्यात आले. आत्या, व्याकरण मला तोंडपाठ आहे, पण तोंडच उघडेना! पहिले काही दिवस आम्ही दोघींनी 'किताब', 'कलम', 'दुकान' आणि 'साबण' एवढ्यावर भागवले. हे शब्द त्यांच्या अरबीतही आहेत. 'साबण' ऐकताच त्यांनी मला मिठीच मारली.

त्यांचे आयुष्य ऐकताना मला भूक-तहान आठवत नसे. वडील डोंगरातल्या गावी खुर्च्या बनवीत. मुलगी लाकडाच्या भुशात वाढली आणि पुढे इटलीत जाऊन दगड शिकली. बैरूतला परतल्यावर श्रीमंतांच्या घरांसाठी मेजे, आसने, दिव्यांचे खांब यांचे आराखडे तिने केले आणि नाव मिळवले. मग तेथे यादवी पेटली. त्यांची कार्यशाळा ज्या रस्त्यावर होती तोच रस्ता दोन बाजूंमधली सीमा ठरला. छिन्न्या आणायलाही त्यांना परत जाता आले नाही. तेव्हापासून त्या घरांसाठी काही करीत नाहीत. बंदरात, दवाखान्याच्या आवारात, जेथे माणसे कोणाची तरी वाट पाहत थांबतात, तेथे दगडात बसायच्या जागा घडवतात. "इतके सगळे गेले, तर पुन्हा सुरुवात कशी केली?" असे मी विचारले. म्हणाल्या, "उधारीच्या छिन्नीने."

आता घोटाळा सांगते. चंद्रप्पांचे शिक्षण निजामाच्या अमदानीतले, उर्दूतून झालेले. पाहुण्या अरबी बोलतात हे कळताच त्यांना हुरूप आला. पहिल्याच दिवशी खडू घेऊन त्यांनी काळ्या दगडावर झोकदार उर्दू अक्षरांत 'जिल्हा लातूर' असे लिहिले. बाईंनी ते वाचले, थोडे नवल केले आणि आनंदाने मान डोलावली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काल सकाळी कापड दूर झाले. निंबाच्या सावलीत माणसाच्या उंचीचे वाकदार काळे दगड जमिनीतून उगवून आत झुकले होते आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी बसण्यापुरती गुळगुळीत खळगी होती. मला ते इतके सुंदर वाटले! पण चिटणीस व्यंकटराव ओरडले, "आरं, ह्या तर फासळ्या हायत! ढोरं छावणीत वाळून राहिलीत अन् तुम्ही दारात फासळ्या उभ्या करून राहिलात? काढा म्हणावं बाईला!"

मी बाईंना विचारले. त्या गोंधळून म्हणाल्या, "तुम्हीच तर लिहून दिलेत, लातूरची बरगडी!" आत्या, आपण ज्या अक्षरांना 'जिल्हा' वाचतो, तीच अक्षरे अरबीत 'बरगडी' होतात!

मी भर सभेत मोठ्याने हसले. मी! आणि त्या भरात उभी राहून बोलूही लागले. "चंद्रप्पाकाका, तुम्ही लिहिलेत तेच त्यांनी घडवले. उस्मानाबादच्या कुशीतून निघालेली ही आपली बरगडी. शब्दच तसा आहे."

"घ्या!" चंद्रप्पा म्हणाले. "आमच्या मास्तरानं छड्या दिल्या, पर हे न्हाई सांगितलं."

"बरगडी घेतली, तवा थोडं पाणी बी मागून घ्यायचं हुतं," व्यंकटराव पुटपुटले.

एवढ्यात टँकरहून परतणाऱ्या केवळाबाई घागर खाली ठेवून सरळ एका खळगीत बसल्या. "लई गार हाय गं! पाठ टेकली अन् बरं वाटलं." मागोमाग गल्लीतल्या साऱ्याजणी बसल्या.

"उठा, ते काढायचंय," व्यंकटराव म्हणाले.

"काढा की. आम्ही कुठं नगं म्हणून राहिलोत?" केवळाबाई म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. शिल्प राहिले, आत्या!

येथपर्यंत लिहिताना हात भरभर चालला. आता अडतो आहे.

नुहादबाई पुढल्या महिन्यात हैदराबादला परत जातील. मी तेथे अरबी शिकावी आणि त्यांचे चरित्र मराठीत लिहावे, अशी त्यांची इच्छा आहे. माझीही आहे. अप्पांना सांगितले. ते म्हणाले, "जा. पर माझ्यानं बहिणीला न्हाई म्हणवणार न्हाई. तुझं तोंड उघडलंय न्हवं आता? तूच लिही."

सिद्धलिंग यांच्यात काही उणे आहे असे कृपया समजू नका. दिवाळीत सगळे माझ्या पुस्तकांची थट्टा करीत होते, तेव्हा "वाचू द्या की तिला" एवढे ते एकटेच म्हणाले. त्या बोलण्यासाठी 'होय' लिहावे म्हणून मी किती कागद घेऊन बसले! परंतु तो होकार केवळ कृतज्ञतेचा आहे, हे त्यांना पुढे कधीतरी वाचता आले असते. म्हणून माझे उत्तर 'नाही' असे आहे.

मी पाळण्यात असल्यापासून तुम्ही मनात काय योजले होते ते मला ठाऊक आहे. तुम्हाला राग येईल आणि तो तुमचा हक्क आहे. श्रावणात मी उदगीरला येईन. तुम्ही बोलला नाहीत, तरी येईन.

सून होऊ न शकलेली, पण नाते न सोडणारी,
तुमची भाचीच,
शिवकांता